‘येतो’ म्हणून निघणाऱ्यांना इंग्रजी शिकवताना

पहिल्या बॅचचा पहिला दिवस. तास संपला आणि एक होडीवाले काका दारात थांबून म्हणाले, ‘ओके मॅडम, आय कम.’ मला वाटलं काही विचारायचं राहिलंय, परत आत येतायत. हातातलं डस्टर तसंच धरून मी वाट बघत राहिले. काका तोवर चपला घालून जेट्टीच्या रस्त्याला लागले होते.

निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे वळण काकांना घरातून लागलेलं. ते त्यांनी इंग्रजीतही पाळलं. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. मोठ्या माणसाच्या तोंडून इंग्रजी चूक ऐकली की आधी तिच्यामागचं मराठी वाक्य शोधायचं. बहुतेक वेळा ते सापडतं, आणि ते सापडलं की पुढचा तास कशावर घ्यायचा तेही कळतं.

किनाऱ्यावरच्या गावात मोठ्यांसाठी संध्याकाळची इंग्रजीची बॅच सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितेय. बी.ए. इंग्रजीत झालंय, डी.एड. झालंय किंवा मुंबईची नोकरी सोडून घरी आलाय. शाळेतल्या पोरांना शिकवलंय, पण वडिलांच्या वयाचा माणूस वही उघडून समोर बसला की घशाला कोरड पडते, अशांसाठी. मी मालवणच्या बाजूला शिकवते म्हणून उदाहरणं तिथली. दापोली-गुहागरकडे शिकवणार असाल तरी फार काही बदलावं लागणार नाही.

पायरी १: अडलेलं वाक्य मागून घ्या

नाव नोंदवायला आलेल्याची परीक्षा घेऊ नका. प्रश्नपत्रिका पुढे केली की पन्नाशीचा माणूस क्षणात दहावीच्या बाकावर जाऊन बसतो, आणि दुसऱ्या दिवशी येतच नाही. त्यापेक्षा पंधरा मिनिटं मराठीत, जमलं तर मालवणीत गप्पा मारा. ‘माका इंग्लिश येना नाय’ हे आधी दोनदा ऐकून घ्या. मग एकच विचारा: इंग्रजीत काही सांगायचं होतं आणि जमलं नाही, असं शेवटचं कधी झालं? काय सांगायचं होतं?

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. होमस्टे चालवणाऱ्या एका वहिनींना पाहुण्याला सांगायचं होतं, ‘लाइट गेली नसती तर आत्ता गरम पाणी असतं.’ तारकर्लीला स्कूबासाठी लोकांना पाण्यात नेणाऱ्या मुलाला म्हणायचं होतं, ‘घाबरू नका, मी हात सोडणार नाही.’ सावंतवाडीकडच्या एकाला गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर नोकरी हवी होती. तिथून २०२३च्या जानेवारीत विमानं सुरू झाल्यापासून असे बरेच जण येतात. मुलाखतीत त्याचं घोडं अडलं ते ‘पाच वर्षं हॉटेलात काम करतोय’ या वाक्यावर. एका मावशींना परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. त्यांचं वाक्य फक्त ‘जेवलास का?’ एवढंच.

ही वाक्यं एका वहीत उतरवा. तुमचा अभ्यासक्रम हाच. दहा-बारा जणांची वाक्यं जमली की कोणतं व्याकरण कितीदा लागतंय ते आपोआप दिसतं. काही वाक्यं सोपी करून द्यावी लागतात, हेही इथेच कळतं. वहिनींच्या गरम पाण्याच्या वाक्यात जर-तरचा इंग्रजीतला सगळ्यात अवघड प्रकार दडलेला आहे. तो शिकवायला घेतला असता तर चतुर्थी आली असती. मी त्यांना ‘नो पॉवर, सो नो हॉट वॉटर. प्लीज वेट.’ एवढं दिलं. पाहुणा थांबतो, काम होतं. जर-तर पुढच्या वर्षी बघू.

पायरी २: वेळापत्रक समुद्राला विचारून ठरवा

सहा महिन्यांचा कोर्स कागदावर आखून किनाऱ्यावर चालत नाही. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या आणि पर्यटक, वर्गात चिटपाखरू नसतं. जून-जुलैत मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद. म्हणजे खलाशी आणि होडीवाले मोकळे, पण जुलैत शेतवाल्यांची लावणी. मग चतुर्थीला चाकरमानी येतात, तेव्हा आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा सोडून द्या. शिमगा आहेच. थंडीत आसपास दशावताराचा प्रयोग असेल तर रात्रीच्या तासाला तुम्हीसुद्धा जाणार नाही.

म्हणून सहा-सहा आठवड्यांचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा स्वतंत्र हवा, मागचा चुकला तरी माणूस पुढच्यात बसू शकेल असा. मी मोठी बॅच जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करते. तास एक तासाचा, आठवड्यातून तीनदा, वस्तीची एसटी गावात यायच्या आत संपणारा. बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. आणि खोली प्राथमिक शाळेची मिळत असेल तर आधी जाऊन बाकांवर बसून बघा. पहिलीच्या बाकात तांडेल मावत नाही.

पावसात लाइट जाणार हे धरून चाला. प्रोजेक्टरच्या भरवशावर तास आखला की अंधारात बसून माफी मागावी लागते.

पायरी ३: आधी स्वतःचं व्याकरण तपासा

माझी पहिली बॅच मीच मोडली. फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढला, बारा चौकोन, प्रत्येकात नाव, सूत्र, उदाहरण. तीन आठवडे तेच. चौथ्या आठवड्यात बावीसपैकी नऊ जण उरले, आणि त्यांतलेही निम्मे भिडेखातर येत होते. तक्ता चुकीचा नव्हता. पण ज्याला ‘होडी साडेनऊला सुटते’ एवढंच सांगायचंय त्याच्यापुढे मी बारा दरवाजे उघडून ठेवले होते, आणि कुठल्यातून जायचं ते सांगितलंच नव्हतं.

शिकवण्याआधी प्रत्येक मुद्द्यावर चार गोष्टी कागदावर काढा. हे वाक्य कोण, कुठे, कधी बोलतो. त्याचा नेमका अर्थ काय. ते बनतं कसं. आणि बोलताना त्यातलं काय गिळलं जातं. आपण शाळेत फक्त तिसरी गोष्ट शिकलो, म्हणून तीच शिकवायला धावतो. मी त्यात पाचवी घालते: यासाठी मराठीत काय म्हणतो?

हा पाचवा प्रश्न किती कामाचा आहे त्याचं उदाहरण म्हणून कर्मणी प्रयोग घ्या. ‘त्याने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माच्या मागे जातं. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, फणसाचे गरे खाल्ले. शाळेत कोणीतरी ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ असं ठोकून दिलेलं असतं. मग हुशार विद्यार्थी विचारतो, ‘त्याने आंबा खाल्ला हे पॅसिव्ह, मग इंग्रजीत ‘ही एट अ मँगो’ ॲक्टिव्ह कसं?’ त्याचा प्रश्न बरोबर आहे. नावं जुळवलेली आहेत, गोष्टी जुळत नाहीत. इंग्रजीत क्रियापद कर्माकडे बघतसुद्धा नाही. मी पॅसिव्ह शिकवते ते सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटक विचारतात त्या प्रश्नावरून: ‘व्हेन वॉज इट बिल्ट?’ तिथे बांधणाऱ्याचं नाव बाजूला आहे, किल्ला पुढे आहे. उत्तर द्यायचं, ‘द वर्क वॉज स्टार्टेड इन १६६४.’ कर्मणी हा शब्द त्या तासात मी तोंडातून काढतच नाही.

पायरी ४: एक तास, जवळून

किनाऱ्यावरच्या मोठ्या विद्यार्थ्यांची सगळ्यात लाडकी चूक: ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू कुडाळ.’ तिच्यावरचा माझा तास सांगते. बाकीचे तास याच साच्यात बसतात.

आधी मराठी. ‘काल मी कुडाळला गेलो होतो.’ नुसतं ‘गेलो’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला पुढची गोष्ट हवी असते. ‘गेलो होतो’ म्हटलं की जाऊन परत आलो, विषय संपला, असा अर्थ लागतो. म्हणजे मराठीत ‘होतो’ लागतो तो परत आल्याचं सांगायला. विद्यार्थी त्या ‘होतो’साठी ‘हॅड’ शोधतो आणि सापडल्याचा त्याला आनंद होतो. इंग्रजीला परत येण्याशी कर्तव्य नाही. ‘काल’ म्हटलंत ना, मग ‘वेन्ट’ पुरे. ‘हॅड’ लागतो तो भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी कुठली आधीची ते दाखवायला.

आता तास. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत सुंभ बांधते. कडीला ‘आत्ता’ अशी चिठ्ठी. दोन कपड्यांचे चिमटे, दोन चिठ्ठ्या: एकीवर होडीचं चित्र, एकीवर माणसाचं. मग मराठीतच गोष्ट. तुम्ही धावतपळत जेट्टीवर पोचलात. होडी? नाही. लांब समुद्रात ठिपका. आधी काय झालं? ‘होडी सुटली.’ मग? ‘आम्ही पोचलो.’ कोणीतरी उठून चिमटे सुंभावर लावतं, होडी खिडकीकडे, माणूस दाराकडे. या वेळेपर्यंत फळ्यावर एक अक्षर नसतं.

मग वाक्य, आधी तोंडाने, तीनदा: ‘व्हेन आय रीच्ड द जेट्टी, द बोट हॅड लेफ्ट.’ सगळे मिळून म्हणतात, मग बाकामागून बाक, मग एकेक. मोठ्यांना एकट्याने म्हणायला लावायची घाई करू नका. घोळक्यात आवाज लपतो, तोवर जीभ वळते. त्यानंतर फळ्यावर लिहायचं आणि ‘हॅड’खाली रेघ.

आता खरी कसोटी. ‘कळलं का?’ असं विचारू नका. त्याला मोठी माणसं नेहमी ‘हो’ म्हणतात, तुमचा मान राखायला. त्याऐवजी चिमट्यांची जागा बदला आणि दुसरं वाक्य म्हणा: ‘व्हेन आय रीच्ड द जेट्टी, द बोट लेफ्ट.’ आणि मराठीत विचारा: होडी तुम्हाला दिसली का? ओरडून थांबवता आली असती का? पहिल्या वाक्यात नाही, दुसऱ्यात हो. हा फरक ज्याने सांगितला त्याला कळलं. ज्याला नाही, त्याला पुन्हा नियम ऐकवू नका, पुन्हा सुंभाकडे न्या.

उरलेल्या वीस मिनिटांत मी गप्प बसते. जोड्या पाडायच्या, प्रत्येकाने आपलं काहीतरी उशिरा पोचल्याचं सांगायचं. एका मावशींनी सांगितलं: ‘व्हेन आय रीच्ड मार्केट, गुड सुरमई हॅड गॉन.’ ‘मार्केट’च्या आधी ‘द’ राहिला, सुरमईच्या आधीही राहिला. मी काही बोलले नाही. त्या तासाला ‘हॅड’ आला, एवढं खूप झालं.

आणि शेवटच्या पाच मिनिटांत उलट बाजू, ती विसरू नका: ‘काल कुडाळला गेलो होतो’ हे इंग्रजीत सांगा. सुंभावर एकच चिमटा. ‘आय वेन्ट.’ दोन चिमटे असतील तरच ‘हॅड’ची गरज. वर्गात ‘किती चिमटे?’ हा पुढे परवलीचा शब्द होतो, आणि त्यावर काळांची नावं न घेता काम भागतं.

पायरी ५: मराठी जिथे जिथे पाय ओढते त्या जागा

या जागा मी ज्या क्रमाने घेते त्याच क्रमाने देते. पुस्तकांचा क्रम वेगळा असतो.

पहिला ‘हॅव’. आपण म्हणतो मला दोन मुलगे आहेत, माझ्याकडे गाडी आहे, घराला चार खोल्या आहेत, मला ताप आहे. मराठीत जागोजागी ‘आहे’, म्हणून इंग्रजीत ‘माय टू सन्स आर देअर’. या सगळ्यांना एकच ‘हॅव’ लागतो हे कळल्यावर लोकांचे चेहरे उजळतात, कारण एका दिवसात पंधरा वाक्यं पदरात पडतात. लगोलग ‘वुई आर हॅविंग टू रूम्स’ सुरू होतं. मालकीच्या अर्थाने ‘हॅविंग’ नको, जेवणाच्या अर्थाने चालेल, एवढं सांगून पुढे चला.

मग प्रश्न. मराठीत ‘का’ वाक्याच्या शेपटाला लावला की झालं: जेवलात का? इंग्रजीत ‘डू’ किंवा ‘डिड’ आधी येऊन उभा राहतो. ‘डिड यू वेन्ट?’ ही चूक सगळ्यांची, तुमच्या-माझ्यासकट. मी मासळीच्या पाटीचं सांगते: पाटी एकाच डोक्यावर जाते. भूतकाळाची पाटी ‘डिड’ने उचलली की ‘गो’ रिकाम्या हातांनी चालतो. नातवाला ‘जेवलास का’ विचारणाऱ्या मावशींना याच दिवशी त्यांचं वाक्य मिळालं, ‘डिड यू ईट?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात येऊन सांगितलं की नातू म्हणाला, ‘येस, आजी.’ पुढचं संभाषण काही झालं नाही म्हणे, पण मावशी खूश.

क्रियापदाचा ‘एस’. मराठी क्रियापद सतत रूप बदलतं: जातो, जाते, जातोस, जातात. त्या मानाने इंग्रजी क्रियापद आळशी, एकाच ठिकाणी हलतं. पण अनेकवचनाचाही ‘एस’ असल्यामुळे ‘बोट्स कम्स’ होतं. कामचलाऊ खूण: दोघांत एकच ‘एस’. नामाला लागला तर क्रियापदाला नाही: ‘द बोट कम्स, द बोट्स कम.’ ‘बस’सारख्या शब्दावर ही खूण फसते, आणि ‘मेन’, ‘चिल्ड्रन’वरही. कोणीतरी ते काढणारच, काढलं की कौतुक करा.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांवर लोक पुस्तकं लिहितात. पहिल्या दोन महिन्यांत एवढंच: पहिल्यांदा सांगताना ‘अ’, पुन्हा सांगताना ‘द’. मराठीतही आपण हेच करतो: ‘एक माणूस आला होता... तो माणूस म्हणाला...’ पण ‘अ’ की ‘ॲन’ यासाठी आपल्याकडे हुकमी साधन आहे, आणि ते नवे शिक्षक वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. शब्द देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला, म्हणजे अ पासून औ पर्यंत काहीही, की ‘ॲन’. व्यंजन आलं की ‘अ’. ‘आवर’ म्हणजे तास: आ आहे, म्हणून ‘ॲन आवर’. ‘युनिव्हर्सिटी’: य आहे, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘एमएलए’: ए, म्हणून ‘ॲन एमएलए’. इंग्रजी स्पेलिंग बघून गोंधळणारी पोरं देवनागरीत चुकत नाहीत. एकच खड्डा आहे: वर्षाला आपण ‘इयर’ म्हणतो आणि तसंच लिहितो. त्याचा उच्चार य ने सुरू होतो, ‘यिअर’, म्हणून ‘अ यिअर’. कानाचा ‘इअर’ मात्र ‘ॲन’वाला. हे दोन शब्द शेजारी शेजारी म्हणवून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

याच कारणाने विद्यार्थी वहीत इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहीत असतील तर ओरडू नका. वाचायला रोमन, जिभेवर बसवायला देवनागरी.

‘पासून’. पाच वर्षांपासून, २०१८पासून, मराठीला दोन्ही सारखेच. इंग्रजीत मुदतीला ‘फॉर’, सुरुवातीच्या खुणेला ‘सिन्स’. आणि क्रियापद मराठीत चालू वर्तमानकाळात, ‘करतोय’. इंग्रजीत ‘हॅव बीन वर्किंग’. विमानतळाच्या मुलाखतीतलं ते वाक्य एका दमात पाठ करून घेतलं: ‘आय हॅव बीन वर्किंग इन अ होटेल फॉर फाइव्ह इयर्स.’ सूत्र नंतर समजलं तरी चालतं. पाठांतराला हल्ली नाक मुरडतात. मला ते पटत नाही. आपल्या लोकांनी आरत्या अर्थ न विचारता पाठ केल्या आणि अर्थ पुढे कधीतरी लागला.

‘आम्ही’ आणि ‘आपण’. इथे मराठी श्रीमंत, इंग्रजी गरीब. दोन्हीला ‘वुई’. होमस्टेवाली म्हणते, ‘वुई विल गो टू द बीच ॲट फाइव्ह’, आणि पाहुण्याला कळत नाही की आपल्यालाही नेणार का घरचीच मंडळी जाणार. ‘कम विथ अस’ जोडायला शिकवा.

आणि ‘हॉट हॉट घावणे’. गरम गरमचं हे भाषांतर मी मुद्दाम दुरुस्त करत नाही. पाहुणे हसतात आणि आणखी दोन मागतात.

पायरी ६: ‘कुड’ किनाऱ्यावर आणि बोटीवर

‘पैसे द्या’ यातला ‘द्या’ आदराचा आहे. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटात असतो, म्हणून आपण बोलताना ‘कृपया’ म्हणत नाही. इंग्रजीत ते शेपूट गळून पडतं आणि ‘गिव्ह मनी’ उरतं, मग मऊ स्वभावाच्या बाईसुद्धा दरडावल्यासारख्या वाटतात. होमस्टे, हॉटेल, होडी या सगळ्यांना म्हणून ‘कुड यू प्लीज’ दुसऱ्याच आठवड्यात द्या, त्यामागचं व्याकरण न उलगडता.

पण वर्गात जहाजावर जाणारी मुलं असतील तर सावध राहा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१मध्ये जहाजांवरच्या बोलण्यासाठी ठरावीक इंग्रजी वाक्प्रयोग मंजूर केले. त्यात ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ असे शब्द टाळायला सांगितलंय, कारण ते ऐकून ही परवानगी, सल्ला, शक्यता की हुकूम ते कळत नाही. ‘येस’ एवढंच म्हणून थांबायचं नाही, उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’. आकडे सुटे सुटे: १५० म्हणजे ‘वन-फाइव्ह-झीरो’. म्हणजे जे ‘कुड’ वहिनींना सभ्य बनवतं तेच खलाशाला गोत्यात आणू शकतं. माझ्या एका बॅचमध्ये हे दोघं शेजारी बसत होते. शेवटी त्या आठवड्याचे दोन गट केले, आणि मधल्या सुट्टीत खलाशी वहिनींना ‘टी, से अगेन’ म्हणायला लागला.

पायरी ७: चूक कधी सांगायची

मुलासमोर बापाची चूक काढू नका, सुनेसमोर सासूची तर नाहीच. एकाच घरातले दोघे आले तर वेगवेगळ्या बाकांवर बसवा, शक्यतो वेगळ्या जोड्यांत. विद्यार्थी तुम्हाला मॅडम, सर म्हणतील, पण तुम्ही त्यांना काका, मावशी, दादा, वहिनी म्हणा; नुसतं नाव घेऊन हाक मारलीत तर समोरचा काही बोलणार नाही, आणि दोन दिवसांनी ‘घरात काम हा’ असा निरोप येईल.

फळ्यावरच्या वाक्याचा सराव चालू असताना चूक लगेच थांबवा. तिथे चुकीचं वळण बसलं तर मोडायला जड जातं. माणूस स्वतःचं काही सांगत असेल तेव्हा तोंड बंद ठेवा, कागदावर टिपा. शेवटी चार-पाच चुका कोणाच्या ते न सांगता फळ्यावर लिहा आणि वर्गाकडून दुरुस्त करून घ्या. ज्याची चूक तो खाली बघून हसतो, पण बरं वाटलेलं असतं. दुसरी युक्ती: त्याचंच वाक्य बरोबर करून सहज परत म्हणायचं. ‘आय सी डॉल्फिन येस्टरडे.’ ‘ओह, यू सॉ अ डॉल्फिन? व्हेअर?’ सगळ्यांच्या लक्षात येतंच असं नाही. ज्याच्या येतं त्याचा मान राहतो.

आणि उत्तर येत नसेल तर? मला एकाने विचारलं, इथे ‘शॅल’ का नाही? मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं आणि रात्रभर चुटपुट लागली. आता मी वहीत लिहून घेते, परवा सांगते म्हणते, आणि परवा खरंच सांगते. जन्मभर हवामान बघून होडी पाण्यात घातलेला माणूस ‘बघून सांगतो’ या उत्तराला कमी लेखत नाही.

पायरी ८: शेवटची परीक्षा फोनवर

सहा आठवडे झाले की पेपर काढू नका. एकेकाला शेजारच्या खोलीत बसवा, तुम्ही दुसऱ्या खोलीतून फोन लावा आणि पाहुणे व्हा: ‘हॅलो, डू यू हॅव अ रूम फॉर सॅटरडे?’ फोनवर हातवारे चालत नाहीत, चेहरा दिसत नाही, जे काही आहे ते वाक्यातच यावं लागतं. समोर वही ठेवा, त्याने नाव नोंदवताना दिलेलं अडलेलं वाक्य त्यात पहिल्या पानावर असेल. संभाषण त्या वाक्यापर्यंत वळवत न्या. खलाश्याशी बोलताना पाहुणे होऊ नका, बंदर व्हा.

गुण कशाचे द्यायचे? ते अडलेलं वाक्य निघालं का, आणि समोरच्याला कळलं का. ‘द’ राहिला, ‘एस’ राहिला, तर टिपून ठेवा, पण गुण कापू नका. फोन ठेवल्यावर माणूस घामाघूम होऊन बाहेर येतो. तेव्हा लगेच चुका सांगायला बसू नका, आधी चहा येऊ दे.